तिळगुळाच्या ताटाचा फोटो

मंगळवार, दिवेलागण, शिरूर अनंतपाळ

आज हळदीकुंकवाला बायकांपुढं मी नेहमीचंच, गावोगावी पोरींना सांगते तेच बोलले. एखादा पोरगा पोरीला घडीघडी "कुठं हायस, फोटो पाठव" म्हणत असंल, तर ती माया नाही, पाळत आहे. बायका माना डोलवत होत्या. भावाची लेक शुभांगी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. तिनं गुपचूप त्या ताटाचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला.

स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, तर रडायलाच लागली. "आत्या, फोटो न्हाई पाठवला की त्यो लातूरला होस्टेलच्या गेटवर येऊन उभा ऱ्हातो. एकदा हात पिरगाळला. बाबांना सांगू नको. क्लास बंद करून लगीन लावून देतील."

देतीलच. भाऊ माझा आहे, मला माहीत नाही का? मग "घरच्यांना सांगा" असं मी पोरींना कुणाच्या भरवशावर सांगते?

दुपारच्या गाडीनं ती गेली. बसवून देताना माझ्या तोंडून निघालं, "पोचलीस की फोटो पाठव." तिनं मान वळवून खिडकी लावून घेतली. मीही तेच मागितलं!

ते ताट डोळ्यांपुढून जात नाही.

आत्ता फोटो आला. होस्टेलचं गेट. मोटारसायकलवर एक पोरगा. खाली लिहिलंय, "आत्या, ह्योच त्यो."

फोन लावतेय, ती उचलत नाही.

भावाचं घर पलीकडंच आहे. जाते, त्याला सगळं सांगते. त्यानं तिचं लग्न काढलं, तर मीच आडवी येईन.