रविवारी पाचच्या आत

टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
रविवार, १० मार्च २०१९

प्रिय लव्हॉन,

तुझं नाताळातलं पत्र पोचलं. उत्तराला अडीच महिने लागले. माझ्याकडून असं होत नाही, हे तुला ठाऊक आहे. गुडघा बरा आहे. छतावरचा बर्फ उतरवून घेतला. तू पाठवलेला जंगली तांदूळ अजून अर्धा शिल्लक आहे.

आता मुद्द्याचं. चोपन्नाव्या वर्षी मेडिकल कोडिंग शिकणार आहेस, उत्तम. ऑनलाइन करू की कम्युनिटी कॉलेजात जाऊन, असं विचारलंस. पुढे लिहिलंस, "तू शिकलेली, ताई. तू सांगशील तसं करते." हे वाक्य मी फार वेळा वाचलं.

न तपासलेलं मत मी देत नाही. म्हणून जानेवारीत त्याच कॉलेजच्या इतिहासाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. सोयी खऱ्या आहेत. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून वायर लावून ठेवावी लागत नाही. तळ्याकाठचा रस्ता लागत नाही. पण वर्गात माणसं नसतात, नुसती नावं असतात. दर आठवड्याला एक टिपण लिहायचं आणि रविवारी पाचच्या आत वर्गातल्या दोघांना उत्तर द्यायचं, असा नियम. पहिल्याच आठवड्यात मी तिघांच्या चुका दाखवल्या. त्यानंतर मला कोणी उत्तर देईना.

एक जण सोडून. नाव नुसतं 'बी. एल.'

"टिपण आवडलं. तुम्ही घरून का शिकता?"

मी लिहिलं, "रस्ता वाईट आहे."

पुढच्या रविवारी उत्तर आलं, "तेव्हाही वाईटच होता."

मग एकदा, "इथे खिडकीकडची खुर्ची फार गार पडते. कोट काढवत नाही."

मी लिहिलं, "चेष्टा पुरे. अभ्यास करा."

गेल्या रविवारी त्यावर हे आलं: "पायजम्यात शिकलेलं पायजम्यातच राहतं. तूच म्हणाली होतीस ना, मावशी?"

सोमवारी मी गाडी काढली. सहा वर्षांनी पहिल्यांदा तळ्याकाठून गेले. आमचा मास्तर पेल्टो म्हणून आहे, कोवळा पोरगा. त्याने हजेरी काढली.

"बाई, वर्गात अकरा जण आहेत. बी. एल. कोणीच नाही."

"मग मला उत्तरं कोण देतंय?"

त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या टिपणांखाली माझीच वाक्यं होती. रस्ता वाईट आहे. चेष्टा पुरे. मधे कोरी जागा.

"कोणाशी बोलताय, मला कळेना," तो ओशाळून म्हणाला. "पण दोन उत्तरांची अट पुरी होत होती. मी गुण देत गेलो."

लव्हॉन, ते वाक्य मी जन्मात एकदाच बोलले आहे. फोनवर. ऐकणारी एकटी ब्रिटा होती.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तुझ्या लेकीने मला फोन केला होता. "मावशी, बाहेर काही दिसत नाहीये. आज दांडी मारते. नाहीतर सरळ ऑनलाइनच घेते. तू शिकलेली, तू सांग." मी तिला ते वाक्य ऐकवलं. वर म्हणाले, "तासाला उशीर करू नकोस." ती हसली. "बरं बाई, निघते," म्हणाली. चाळीस मिनिटांनी तिची गाडी तळ्यात होती.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवताना तू सगळ्यांना सांगत होतीस, "हट्टी होती माझी पोर. कोणाचं ऐकायची नाही." मी शेजारीच बसले होते. ताटातलं खात राहिले. ती हट्टी नव्हती, लव्हॉन. तिने ऐकलं होतं.

ऑनलाइन की कॉलेज, हे मी सांगणार नाही. कॉलेजात जायचं ठरवलंस आणि तुला मी चालणार असेन, तर गाडी मी चालवीन. घरून शिकायचं ठरवलंस तर तुझ्या टेबलाशी येऊन बसेन. निवड तू कर. त्यात माझा शब्द नको.

आज दुपारी पुन्हा एक ओळ आली आहे. "आईला सांगितलंस?"

साडेचार वाजलेत. हे पत्र आधी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकते. मग घरी येऊन तिला उत्तर देते. पाचच्या आत द्यायला हवं.

अजून म्हणू दिलंस, तर तुझी ताई,
आर्डिथ