माझ्या पश्चात तळ्याचा काठ आणि चुन्याची रेषा

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण, शिक्षण तिसरीपर्यंत, धंदा घरकाम आणि मासे धरणे, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहिते. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. त्यांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "रविवार, आणि तुम्ही माझी गळ टाकायची वेळ खाताय." त्यांनी लगेच सही केली. तब्येत ठणठणीत असंही लिहून दिलंय. ते पुढे कामाला येणार आहे.

कलम एक. राहतं घर मुलाला आणि सुनेला, अर्धं अर्धं. सुनेचा हिस्सा मुद्दाम वेगळा लिहिते, कारण फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला माझा गांडुळांचा डबा तिने वीस वर्षं चालवून घेतला. एकदाच म्हणाली, "आई, निदान झाकणावर लिहा तरी." मी लिहिलं. मुलाने घरावर समाधान मानावं. तळ्याकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं त्याच्या डोक्यात आहे. "आई, तू नुसती सही कर, बाकीचं मी बघतो," असं वर्षभर चाललंय. तू काय बघतोस ते मीही बघतेय, बाळा.

कलम दोन. बँकेत असेल ते माझ्या आजारपणाला. आजारी न पडताच गेले तर नातीला.

कलम तीन. तळ्याचा काठ. खरं दुखणं इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वकीलबाई म्हणतात थोडक्यात लिहा, पण त्यांना चार वर्षं रेषेमागे बसवलं नव्हतं.

तळं सरकारचं, पण काठाची पट्टी आमच्या यांनी लग्नानंतर विकत घेतली. लोक बायकोला दागिने करतात, यांनी मला चिखल केला. त्यावर गळ टाकणाऱ्यांचा क्लब काढला. हे गेल्यावर पट्टी माझ्या नावावर आली आणि यांच्या खुर्चीवर मी बसले. दीर म्हणाले, "बाईमाणसाच्या बडबडीने मासे पळतात." पळाले नाहीत. ऐकायला येत असावेत.

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे यांचे जुने मित्र. माघारी त्यांना सगळे पोटकलम म्हणतात. त्यांनी क्लबाचा विमा उतरवला. कोणाचा गळ कोणाच्या कानात अडकला, कोणी घसरून पडलं, तर कंपनी भरून देणार. चांगलंच आहे. पण पॉलिसीच्या चौथ्या पानावर त्यांना सापडलं की सभासदाला संरक्षण पंचाहत्तरीपर्यंतच. अट सापडली की त्यांचं पोट भरतं, पुढे वाचायची गरज राहत नाही.

मला पंचाहत्तर पूर्ण झाली त्या दिवशी ते चुन्याची बादली घेऊन आले. पाण्यापासून पंधरा फुटांवर रेषा मारली आणि माझी खुर्ची उचलून तिच्यामागे ठेवली.

"वहिनी, आजपासून तुम्ही प्रेक्षक."

"माझ्याच जागेत?"

"आदर आहेच हो. पण कंपनीच्या फॉर्मात आदराचा रकाना नाही."

गळाच्या दोरीला बुचाचा तुकडा बांधलेला असतो. मासा लागला की तो बुडतो. तो दिसला नाही तर काठी नुसती धरून बसायची. म्हणून मी म्हटलं, "अहो, इथून बूच दिसत नाही."

"दिसतं वहिनी. नीट बघा."

हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मी भांडले नाही. यांची काठी आणि माझी काठी लुगड्याच्या पट्टीने एकमेकींना बांधल्या, वीस फूट झाल्या. रेषा माणसाला होती, काठीला नव्हती. सेक्रेटरींनी पॉलिसी पुन्हा चाळली, पण चौथ्या पानापर्यंत काठीबद्दल काही निघालं नाही.

मग त्यांनी 'पाय घसरण्याचा धोका' अशी पाटी काठावर ठोकली, आणि आठवड्याच्या आत तिलाच अडखळून पाण्यात पडले. क्लब निघाल्यापासून पाण्यात पडलेले ते पहिलेच. पाणी गुडघाभर, तरी टोपी वाहत निघाली. ती मी रेषा न ओलांडता गळाने ओढून आणली. अपघाताच्या फॉर्मात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मदत करणाऱ्याचे नाव: एक प्रेक्षक.' तो फॉर्म मी मागून घेतला आहे. माझ्यामागे तो चौकट करून क्लबाच्या काठावरच्या झोपडीत लावावा.

मध्यंतरी ते मला सारखे म्हणायचे, "वहिनी, काठ क्लबाच्या नावावर करून टाका, म्हणजे मागे कटकट नको." मी करणारही होते. दोन दिवसांवर आलं होतं. त्या रविवारी नात आपलं पुस्तक घरी विसरली. मासा लागेपर्यंत तिला वाचायला काहीतरी लागतंच, म्हणून झोपडीत खिळ्याला टांगलेली पॉलिसी काढून ती वाचत बसली. अकराव्या पानावर ओरडली, "आजी, उठ! खुर्ची घे!"

अकराव्या पानावर लिहिलंय की जागेचा मालक जागेवर हजर असेल तर त्याला सभासदासारखंच संरक्षण, वयाची मर्यादा नाही. म्हणजे जवळजवळ चार वर्षं मी फुकट प्रेक्षक होते. आणि काठ देऊन टाकला असता तर खरोखरची झाले असते. नातीने कंपनीत फोन करून खात्री केली. तिकडचा माणूस म्हणाला, "मालक एक असो की दहा, वय आम्ही विचारत नाही."

सेक्रेटरींनी ते पान दोनदा वाचलं. "आमच्या प्रतीला हे पान नव्हतं का?"

"काका, ही तुमचीच प्रत," नात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीपुरती, तीन फूट रेषा पुसली. बाकीची तशीच. मी लुगड्याची पट्टी सोडून काठ्या वेगळ्या केल्या आणि पाण्यात पाय सोडून बसले. दोन मासे धरले. इतकं हसले की सून घरी विचारत होती, "आई, काय झालं?"

तर काठ माझ्यानंतर नातीला. अट एकच, क्लब तिथेच राहील आणि खोल्या बांधायच्या नाहीत.

कलम चार. हे मुद्दाम शेवटी घातलं आहे, माझ्यामागे सेक्रेटरींना शेवटच्या पानापर्यंत वाचावं लागावं म्हणून.

परवा सगळे गेल्यावर मी विसरलेला डबा आणायला परत गेले. सेक्रेटरी एकटेच होते. पाण्यापासून रेषेपर्यंत पावलं मोजली, रेषेमागे स्टूल ठेवलं, त्यावर बसून पाण्याकडे बघत राहिले. पुढच्या वर्षी त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. मी डबा न घेताच परत आले.

म्हणून काठाच्या मालकीत नातीबरोबर सेक्रेटरींचंही नाव लावावं. पुढे जो सभासद पंचाहत्तरीला येईल त्याचंही नाव नातीने चढवावं. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, पण लिहा म्हणाल्या.

मात्र हे माझ्या मरणानंतर. तोवर, पंचाहत्तरी झाली की, सेक्रेटरींनी रेषेमागे बसावं. किती वर्षं, ते माझ्या तब्येतीवर आहे, आणि दाखला मागे जोडलाच आहे. बांधायची पट्टी मी धुऊन ठेवली आहे, दोन्ही काठ्या त्यांना वापरायला देईन.

पण त्यांनी एकदा जरी, मी विचारल्याशिवाय, "वहिनी, इथून बूच दिसत नाही हो," असं कबूल केलं, तर दुसऱ्याच दिवशी कचेरीत जाऊन मी जिवंतपणी त्यांचं नाव लावीन. तो कागद वकीलबाईंकडे तयार आहे, फक्त तारीख घालायची. हे मी असेपर्यंत त्यांना कोणी सांगायचं नाही.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून सेक्रेटरींना सहीला बोलावलं नाही. ते तिकडे झोपडीच्या दारात खोकत बसलेत. त्यांना वाटतंय, मी त्यांना वगळलं. वाटू दे.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. सही करते.

(सही) आजी

साक्षीदार पहिला: औषधाच्या दुकानातले कंपाउंडर. आमच्यासमोर सही केली, करताना हसत होत्या.
साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी शेजारीण. मीही.

दिनांक: माझ्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदला रविवार
ठिकाण: तळ्याचा काठ, रेषेच्या पुढे, पाण्यापासून एक फूट