पत्र्यावरची स्टेपनी

आकांक्षाचे पप्पा,

पोरीला अन् कपडे घ्यायला आल्ते. पिंपळगावला परत चालले. उद्या बाबांचं सावडणं आहे. फोन लावू नका, मी उचलणार न्हाई.

काल कल्याण भाऊजी मला तुमच्याच गाडीनं बाबांच्या मातीला नेत होते. राजूरच्या पुढं खड्ड्यात टायर फुटला. डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी तुमचा वूफर. पंक्चरवाला म्हणला, एवढ्या मोठ्या चाकाचा टायर जालन्याबिगर भेटणार न्हाई.

तुम्ही मोठी चाकं बसवली तव्हा बाबाच म्हणले होते, "जावईबापू, जुनी स्टेपनी डिकीतच राहू द्या. लहान असली तरी हळूहळू घरी आणती." तुम्ही हसले, अन् शेडवर नेऊन ठेवली, वाऱ्यानं पत्रे उडू नये म्हणून.

काळीपिवळी जीप भेटायलाच दीड तास गेला. तिकडं लोकांनी लेकीची वाट पाहून पाहून शेवटी उचललं. मी पोचले तव्हा नुसता जाळ दिसला, बाबांचं तोंड न्हाई.

डाळ कुकरमधी आहे, गरम करून घ्या. वारं सुटलं तरी बिनघोर झोपा. तुमचा एकही पत्रा हलणार न्हाई.

शीतल