वैशाखातला शेक

दि. ८ मे २००७

प्रति,
मा. उपअभियंता,
नळ उष्णता व शीत पुरवठा उपविभाग,
वीजकेंद्र पुनर्वसन वसाहत, जि. अकोला.

विषय : चौथ्या ओळीतला बाळंतिणीचा शेक बंद करून गार पाणी सोडणेबाबत.
संदर्भ : जैनबबीचा पौषातला अर्ज व त्यावर आपली वैशाखातली मंजुरी.

महोदय,

अर्जदार मैनाबाई, राहणार चौथी ओळ, हिचे म्हणणे असे की,

१. वीजकेंद्राच्या वाफेवर तापलेले पाणी हिवाळ्यात वसाहतीच्या घराघरांतल्या नळांतून फिरते व खोल्या ऊबदार राहतात. उन्हाळ्यात त्याच वाफेवर यंत्र चालवून त्याच नळांतून गार पाणी फिरवू, असे आपण सभेत सांगितले. कूलरच्या ओलीने गार नळ ठिबकतात म्हणून कूलर काढायला लावले. बायांनी ते विकूनही टाकले. विश्वास ठेवायची खोड वाईट, पण जुनी आहे.

२. पौषात शेजारीण जैनबबीची लेक निखत बाळंत झाली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची इकडची रीत. धुरापेक्षा नळ बरा, म्हणून रात्रीही शेक चालू ठेवावा, असा अर्ज जैनबबीने दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. बाळंतीण उठून धुण्याभांड्याला लागली, आणि परवा तो मंजूर झाला. ओळीला चावी एकच, त्यामुळे बाहेर लू आणि आत शेक, असे सगळी चौथी ओळ भोगून राहिली आहे.

३. आपले धर्मपालबाबू म्हणतात, बाळंतपण संपल्याचा दाखला आणा. दवाखाना म्हणतो, झाल्याचा मिळतो, संपल्याचा नाही. त्यावर जैनबबी बाबूंना म्हणाली, "लेकराले उकडून खाता काय?" बोलणे उद्धट वाटल्यास अर्जदार माफी मागते. प्रश्न मात्र मागे घेत नाही.

४. निखतची तहरीम चार महिन्यांची आहे. अंगभर घामोळ्या, कालपासून दूध ओढत नव्हती. डॉक्टर म्हणाले, औषधाआधी थंड जागा पाहा.

तरी शेक आजच बंद व्हावा. आज जमत नसेल तर हा अर्ज फाडून टाकावा. तो पुढच्या पौषात मंजूर होऊन गार पाणी सुटले, तर तेही लेकराच्याच अंगावर येईल.

आपले कार्यालय पहिल्या ओळीत, तिथे गार पाणी पोचते. दाराखालच्या फटीतून झुळूक येते, म्हणून तहरीमला सकाळपासून तिथे गोधडीवर निजवले आहे. आत्ताच ती थोडे दूध प्यायली. सबब, बाहेर येताना दार बेताने उघडावे.

आपली नम्र, व तूर्त आपल्याच उंबऱ्याशी बसलेली,
मैनाबाई