कुत्र्याला घातलेला वळसा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., पण आधी कान पुढे कर.

तुझं पार्सल पोचलं. पोरांनी शिवलेले चौतीस तुकडे जोडून तू एकच चादर केलीस, सांधा बोटाला लागत नाही. शिंपी असावा तर असा, असं मीच शाळाभर सांगत सुटले. आणि मग पेन्सिल आली.

पेन्सिल म्हणतो ती आमच्या वर्गातली आठ वर्षांची पोर, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात गप्प. तुला लिहिलंच होतं, बंगालमधल्या बायका जुन्या मऊ साड्या एकावर एक ठेवून, काठांतलेच दोरे ओढून, साध्या धावदोऱ्याने कांथा शिवतात. त्यांतल्या कितीजणींच्या हाती कुणी लेखणी दिली नव्हती! त्यांनी सुईने लिहिलं, तेही टाकाऊ कापडावर. यापुढे कुठलं व्याख्यान टिकेल, सांग. म्हणून मुलांनाही मी घरचं जुनं कापड आणायला लावलं आणि एकच विषय दिला: घरापासून शाळेपर्यंतची आपली वाट.

पेन्सिलच्या वाटेला मध्येच एक मोठं वाकडं वळण होतं. तू ते उसवून सरळ केलंस. तिने चादर पाहिली, सुई माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली की ही वाट तिची नाही. सुतारकाकांच्या दुकानासमोर कुत्रा असतो, असं सरळ गेलं तर तो चावतो. त्या दिवसापासून ती शिवायला आलेली नाही. पंचवीस तारखेला चादर शाळेच्या दारात लागायची आहे, त्याआधी धुवायला जाईल. वाकडं दिसलं की ते चुकलंच, हे तुला कुणी शिकवलं? उत्तर हवं, आणि लवकर हवं.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, बसायची छाती झाली नाही. चूक माझीच. आपल्या दुकानातून वाकडा टाका बाहेर गेला तर लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तू जोडायला सांगितलंस, मी शहाणपणा केला.

आता कामाचं. चादर धुऊ नकोस! जुनं कापड सुईची भोकं धरून ठेवतं. पाणी लागलं की ती मिटतात. खिडकीच्या काचेला लावून बघ, पोरीची वाट दिसेल. तिचा दोरा अख्खा निघाला होता. मी काही टाकत नाही, यावरून तू मला आयुष्यभर चिडवलंस. आज तो पाकिटात घातलाय.

ते वळण मीही चिंधीवर घालून पाहिलं. दुपारभर. तिसरा टाका वाकडा घेतला की चौथा आपोआप ओळीत येतो. सरळ शिवायला शिकण्यात चाळीस वर्षं गेली, आणि त्या पोरीचं वळण काही हाताला येत नाही. तिला हे सांग. फक्त भाषण ठोकू नकोस, घाबरेल.

लोभ तेवढा उसवू नकोस,
धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., या खेपेला काहीही हातचं न राखता.

धुणं मी थांबवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या की डाग दिसतील. मी म्हटलं, दिसू देत, हात राबल्याचे आहेत. भाषण केलं नाही. तुझ्या चार ओळी पेन्सिलला वाचून दाखवल्या. मोठ्या शिंप्याला वाकडं शिवता येत नाही याचं तिला इतकं नवल, की तिने त्या तीनदा वाचायला लावल्या. मग हसली. चादर मी काचेला धरली, माझे दंड भरून आले. ती बोटाने एकेक भोक शोधत गेली आणि आपल्याच दोऱ्याने वळसा पुन्हा घातला.

तुझी रेघ उसवायला मी कात्री घेतली, तर तिने माझा हात धरला. शिंपीमामांची वाट राहू दे, म्हणाली. आणि त्या रेघेच्या मधोमध तिने चार पायांचा, भल्यामोठ्या दातांचा कुत्रा शिवला. मी एवढ्या सभा गाजवल्या रे, पण समोरच्याला न दुखावता त्याची चूक अशी दाखवणं मला एकदाही साधलं नाही.

काल चादर दारात लागली. येणारा प्रत्येकजण त्या कुत्र्यापाशी थांबतो.

तुझ्यासाठी तिचा निरोप आहे: शाळा बघायला याल तेव्हा सुतारकाकांच्या दुकानाआधीच वळायचं. आणि पळायचं नाही, पळालं की तो मागे लागतो.

लोभ दुहेरी दोऱ्याचा आहे, काळजी नसावी.
तुझी,
ताई