ग्रे कापडावरचं मैदान

६ जानेवारी २००८, रविवार. सकाळी ८.
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजपर्यंत:
कबड्डीचं मैदान (पुरुष), लूमवरून उतरलेल्या कोऱ्या, न धुतलेल्या ग्रे कापडावर. दोन इंच म्हणजे एक मीटर. रेषा काळ्या धाग्याने शिवलेल्या.
माणसाचा सांगाडा, धाग्याच्या जुन्या लाकडी कांड्यांचा. हाडं दोनशे. पुस्तकात दोनशे सहा आहेत, पण कानातली सहा मुद्दाम सोडली. एवढी बारीक हाडं परीक्षेत कोण विचारतो.
तीनतालाचं चाक. लूमचं सोळा दात्यांचं गिअर, एका मात्रेला एक दाता, नववा (खालीचा) लाल. हे निशासाठी, तिने नृत्य घेतलंय.
प्रश्नांच्या चिठ्ठ्या, एकशे चाळीस, लूमच्या फुटक्या धोट्यात भरलेल्या.
हे सगळं शेजारच्या नागसेनच्या मुलीसाठी, दीक्षासाठी (निशा तिची मैत्रीण). दोघी बारावीला, कल्याणच्या सेंट्रल बोर्डाच्या शाळेत. दीक्षाला शारीरिक शिक्षण हा पूर्ण शंभर मार्कांचा विषय. पुण्याच्या कॉलेजात पी.टी.चा कोर्स करायचाय तिला, त्यासाठी या विषयात पंच्याहत्तर हवेत. नागसेन दापोड्याच्या गोडाऊनला क्लार्क, क्लास परवडत नाही. म्हणून मी. शिक्षण सातवी, पण तेवीस वर्षं लूमचा जॉबर, म्हणजे लूम जुळवणारा-दुरुस्त करणारा, आणि तेही कुणी न शिकवता.
संकल्प: उद्या एखाद्या प्रकाशकाने हा सेट पाहून ऑफर दिली, तर पन्नास हजारांच्या आत ऐकूनही घ्यायचं नाही. पन्नासलाही आधी नाहीच म्हणायचं.

११ जानेवारी. शुक्रवार, लूम बंद.
पद्धत ठरली. मैदानावर एकही आकडा लिहिलेला नाही, मुद्दाम. मुलीने फूटपट्टी लावायची, इंच मोजायचे, निम्मे करायचे, मीटर सांगायचे. हाताने मोजलेलं डोक्यातून जात नाही. मीसुद्धा शिवताना पुस्तकात आकडा पाहिला आणि सोडून दिला. कापड असताना आकडा कशाला सांभाळायचा?
तिचं इंग्रजी पुस्तक ताब्यात घेतलं. माझ्या पेटीत, कुलूपबंद. नागसेन म्हणाला, राहू द्या की तिच्याकडे. त्याला सांगितलं, लूम मी पुस्तक वाचून शिकलो नाही.
टाइमटेबल: जानेवारीत हाडं, फेब्रुवारीत मैदान.

२० जानेवारी.
निशाने चाक परत पाठवलं. तिच्या पांढऱ्या ओढणीला ग्रीस लागलं म्हणे. कोरडं गिअर द्यायचं माझ्या तत्त्वात बसत नाही. नृत्य विभाग तूर्त बंद.

२७ जानेवारी.
दीक्षाची आजी, कमळामावशी, हिने वरणाचं पातेलं थेट मैदानावर ठेवलं. मध्यरेषेवर पिवळं गोल वर्तुळ. मी बोललो. ती म्हणाली, एवढा काय जीव टाकतोस, कापडच हाय, धुते मी.

२९ जानेवारी.
मैदान परत आलं. सोड्यात उकळून, धुऊन, इस्त्री करून. डाग नाही, शिवण शाबूत, पांढरं शुभ्र. कौतुक करायला हवं होतं. केलं नाही, सवय लागते.

८ फेब्रुवारी. शुक्रवार.
मैदान सुरू. दीक्षाने लांबी मोजली: चोवीस इंच, म्हणजे बारा मीटर. म्हणाली, पण मामा, शाळेत मॅडमनी तेरा लिहून दिलंय. विचारलं, मॅडमनी मोजलं का? म्हणाली, नाही, पुस्तकातून सांगितलं. तिथेच सगळं आलं.
मॅडमना चिठ्ठी दिली तिच्याबरोबर: आपल्या मापात एक मीटर जास्त येत आहे, कृपया तपासून घ्यावे. सही, हुद्दा, अनुभव तेवीस वर्षे.

१४ फेब्रुवारी. गुरुवार.
दुपारी कारखान्याचे शेठ तापलेले. प्रोसेस हाउसमधून, म्हणजे धुलाई-रंगाईहून, माल आखूड होऊन आला. मी त्यांना शांतपणे समजावलं की ग्रे कापड उकळलं की लांबीला शंभरात सात-आठ जातंच, आडवं फारसं जात नाही, हे तर पोरालाही कळतं. दहा मिनिटं बोललो. शेठ ऐकत होते.
शिफ्ट संपवून घरी येताना नाक्यावर पाय थांबले.
घरी आलो. पेटी उघडली. पुस्तक. पुरुष, लांबी: तेरा.
शिवलं होतं सव्वीस इंच. आहे चोवीस. पुरुषांचं मैदान धुऊन लांबीला बायकांचं झालं.
चूक सोड्याची.
उद्या सुट्टी आहे. उद्याच सांगतो.

१५ फेब्रुवारी.
सांगणार होतो. दीक्षा आली ती हसतच. मॅडमनी चिठ्ठी वर्गात वाचली. पोरी हसल्या. ही उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या मामांचं माप चुकत नाही. वर्गात! अशा दिवशी कसं सांगायचं. माणसाला काही काळवेळ कळते.

२२ फेब्रुवारी.
दुसरा उपाय. तिला न सांगता कापडच सव्वीस इंच करायचं. ओलं केलं, वरच्या टोकाला दांडी, खालच्या टोकाला लूमची दोन वजनं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. सहा वाजता पंचवीस इंच! वजनं काढली. वाळल्यावर सव्वाचोवीस, आणि एका कोपऱ्यात फाटलं. कोपरा शिवला. शिवताना पाव इंच गेला.

२९ फेब्रुवारी.
तिसरा उपाय: नवं मैदान, आधी उकळून घेतलेल्या कापडावर. दोन रेषा झाल्या. गुडघा ठणकतोय, लोडशेडिंग आहे, काळा धागा संपला. धागा नाक्यावर मिळतो. गेलो नाही.

७ मार्च.
पुस्तक तरी परत करू म्हणून गेलो, पिशवीत घालून. ती वाचेल, तिला कळेल, मला तोंड उघडायला नको. कमळामावशीने चहा दिला. शेजारच्या बाईला सांगत होती की हा सोमा आमच्या पोरीसाठी बसून बसून कुबड आलं याला, न्हायतर कोण करतं आजकाल. नागसेनने बिस्किटं आणली होती.
पिशवी घेऊन परत आलो.

१६ मार्च. रविवार.
उद्या पेपर. पहाटे सहाला ठरवलं, आंघोळ करून सरळ तिच्या घरी जायचं आणि एका वाक्यात सांगायचं. वाक्य पाठ केलं. मग गुडघा फारच दुखायला लागला, म्हणून अकलोलीला गेलो, गरम पाण्याच्या कुंडावर. तिथे वाक्य आणखी सुधारलं. आलो तर दीक्षा हाडांची नावं घोकत बसलेली. दारातूनच ऐकलं. अभ्यासात व्यत्यय आणू नये असं पुस्तकातही असेलच कुठेतरी.

१७ मार्च. सोमवार.
प्रश्न आला. पुरुषांच्या कबड्डी मैदानाची मापांसह आकृती, पाच मार्क, त्यातले तीन मापांना. तिने बारा लिहिलं.
कानातल्या हाडांवरही आला. एक मार्क.

१९ मार्च.
दीक्षा आली. मॅडमनी प्रश्नपत्रिका बघून उत्तरं सांगितली म्हणे, तेराच बरोबर. ती खाली बघून म्हणाली, "माझंच मोजायला चुकलं असणार, मामा. तुम्ही एवढं करून दिलं होतं."
मी म्हटलं, होतं असं.
हे वाक्य इथे लिहायचं नव्हतं. पण दुसरं काही बोललोच नाही, तर लिहू काय.

२३ मे.
निकाल. शारीरिक शिक्षणात बहात्तर. आकृतीतल्या मापांचे तीन मार्क परत धरले तर पंच्याहत्तर होतात. चार वेळा बेरीज केली, वेगवेगळ्या बाजूंनी.
पुणं गेलं. ती इथल्याच कॉलेजात नाव घालणार, आणि पुढच्या मार्चला या एका विषयाला पुन्हा बसणार.

२५ मे. रविवार.
सांगितलं.
सुधारलेलं वाक्य आठवलं नाही. म्हटलं, कापड आटलं होतं, पेपराच्या महिनाभर आधीच मला कळलं होतं. पुस्तक पुढे ठेवलं. दीक्षा कापडाकडे बघत राहिली. कमळामावशी गवारीच्या शेंगा मोडत होती, ती थांबली.
मावशी म्हणाली, "मी तवाच बोलले व्हते हिला, धुतल्यावर आखूड झालंय."
दीक्षा म्हणाली, "आणि मी म्हटलं, मामांचं नाही आटायचं. मामा जॉबर आहेत."
आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. नागसेन बाहेर जाऊन उभा राहिला, तो मी निघेपर्यंत आत आला नाही.
दारात होतो तेव्हा दीक्षाने कापड माझ्या हातात दिलं. म्हणाली, यावर आकडे लिहून ठेवा, मार्चला लागेल.

३० मे. शुक्रवार.
आकडे लिहिले. मार्करने, ठळक. चोवीस इंचांवर '१३ मी.' लिहिताना हात अडला, पण लिहिलं. मापाशी जुळत नाही हे खाली बारीक अक्षरात लिहिलं. सही केली नाही.
कानातल्या सहा हाडांसाठी काड्यापेटीच्या काड्या घेतल्या. तीन झाली.

१ जून. रविवार.
मार्करचा वास जायला मैदान दारात वाळत घातलं होतं. चिंधीवाला आला. म्हणाला, चाचा, ये चिंधी देनी है क्या. त्याला सांगितलं, ही चिंधी नाही, बारावीच्या अभ्यासाचं साधन आहे. त्याने हातात घेऊन तोललं, काटा काढायची गरज वाटली नाही त्याला. फाटलेला कोपरा दाखवला, मार्करचे डाग दाखवले.
या सेटला आलेली पहिली ऑफर. मी नाही म्हटलं.
आठ आणे.