पाहुण्यांसाठी पहिलं पान

॥ श्री ॥
आंजर्ले, ४ सप्टेंबर २०००

चि. मनस्विनीस, अनेक आशीर्वाद.

लहानपणी हर्णै बंदरात आगबोटीचा भोंगा झाला, की खाडी ओलांडून आमच्या पडवीत ऐकू येई. वडील आईला म्हणत, दोन मुठी तांदूळ जास्त टाक, कोणीतरी येईल. आता दोन खोल्या पाहुण्यांसाठी झाडून ठेवल्यात, पण येतंय कोण. तुझ्या उन्मेषमामाने बजावलंय, दिवाळीपर्यंत एकही पाहुणा मुक्कामाला ठरला नाही तर घराला कुलूप लावायचं आणि मी डोंबिवलीला त्याच्याकडे जायचं.

अशात तू वेबसाइट करून देते म्हणालीस, केवढा आधार वाटला. पहिल्या पानाचा मजकूर धाडतोय. आरंभी गणेशस्तवन, मग समुद्रावरच्या माझ्या अठरा ओळी (शाळेत फळ्यावर लिहून देत असे त्या), मग घराण्याचा इतिहास. अगदी शेवटी, सहीखाली, फोन नंबर. सोबत चौदा फोटो.

आजीच्या वाटचे आशीर्वादही आता मलाच लिहायचे, ते घे.
तुझा आजोबा,
राजाभाऊ

पुणे, १२ सप्टेंबर २०००

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

मजकूर वाचून मला रडू आलं, पण मी पडले नात. म्हणून होस्टेलवर माझ्या खोलीत राहणाऱ्या नीरजाला ते पान दहा सेकंद दाखवलं, बंद केलं आणि काय समजलं ते विचारलं. ती म्हणाली, तुझे आजोबा कवितांचे वर्ग घेतात का. खोल्यांचा तिला पत्ताच नाही.

पान उघडणारा घाईत असतो हो. इथे काय मिळतं, यायचं कसं, विचारायचं कुणाला, एवढं वरच दिसायला हवं. कविता आतल्या पानावर ठेवते. फोटो एकच घेणार, कुठला ते तुम्ही ठरवा. रुसायचं तर रुसा, पण उत्तर लवकर टाका.

तुमचीच लाडकी,
मनस्विनी

आंजर्ले, २३ सप्टेंबर २०००

चि. मनस्विनीस, अनेक आशीर्वाद.

तीन दिवस रुसलो. चौथ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बाबल्याच्या टपरीत जाऊन बसलो. देवळात आलेली, संध्याकाळच्या गाडीने परतणारी माणसं. उतरली की बाबल्याला विचारत, देऊळ किती लांब, जेवण कुठे मिळेल, संडास कुठे. बाबल्या एका शब्दात सांगे, नाहीतर नुसतं बोट दाखवी. माणसं खूश. तो मला म्हणाला, मास्तर, तुमी आधी कविता म्हटलात तर गिऱ्हाईक त्याच गाडीन माघारी जायल.

पटलं. नवा मजकूर असा. समुद्र पाच मिनिटांवर. दोन खोल्या, संडास-न्हाणी आत. घरचं जेवण. दापोलीहून एसटी. मग ठळक फोन नंबर. फोटो पडवीतल्या मोकळ्या खुर्चीचा घे. एवढी एक ओळ मात्र माझी राहू दे: सकाळी सातला चहा होतो, उठवणार नाही, वाट पाहू.

म्हाताऱ्यावर माया असू दे.
राजाभाऊ

आंजर्ले, १५ ऑक्टोबर २०००

चि. मनस्विनीस, अनेक आशीर्वाद.

दापोलीला सायबर कॅफेत जाऊन तुझं पान पाहिलं. न शोधता सगळं सापडलं. चौकशीचे तीन फोन आले, मुक्कामाचं मात्र कुणी ठरवलं नाही. दिवाळीला अकरा दिवस उरलेत, ट्रंक पुसून ठेवली. तरी तुझे आभार मानतो, पोरी. जन्मभर मुलांना निबंध वाढवायला शिकवला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी थोडक्यात बोलायला तू शिकवलंस.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दार उघडलं तर उन्मेष. मला न्यायलाच आला, या समजुतीने मी ट्रंकेकडे वळलो. पण तो आत येईना. हातात ऑफिसात छापून घेतलेलं तुझं पान. उंबऱ्याबाहेर उभा राहून, माझ्याकडे न बघता विचारतोय, दिवाळीत चौघांसाठी खोली मिळेल का.